समजा, गट नंबर सदतीस

डॉ. बद्रीनाथ ठोंबरे यांना औरंगाबादेत सगळेच प्राध्यापक म्हणत. गल्लीतला किराणावाला म्हणे, दूधवाला म्हणे, लग्नपत्रिकांवर तर 'प्रा. डॉ.' असं दुहेरी छापून येई. या शहरात दहावीच्या शिकवण्या घेणाराही प्राध्यापकच असतो, त्यामुळं त्यात कुणाचं काही जात नसे. फक्त एकाच ठिकाणी ते प्राध्यापक नव्हते, आणि ते ठिकाण म्हणजे विद्यापीठ. तिथं संख्याशास्त्र विभागाच्या दारावरच्या पाटीवर ते गेली सोळा वर्षं 'सहयोगी प्राध्यापक' होते. नेमका कुणाला सहयोग करायचा, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आता येत्या गुरुवारी मुलाखत होती. दोन हजार बाराचं साल, जानेवारी महिना. प्राध्यापक व्हायला चारशे गुण लागत. परिसंवादाला गेलं की गुण, परिसंवादात बोललं की जास्त गुण, परिसंवाद भरवला की आणखी जास्त. ठोंबरे सरांचे चारशे अकरा भरत होते. ही बेरीज ते दिवसातून तीनदा करून बघत. तिन्ही वेळा तीच येई, तरी चौथ्यांदा करावीशी वाटे. बेरीज करताना त्यांचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागे. मनकर्णाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या, "अहो, तो पाय हलवायचा थांबवा. खालच्या मजल्यावरचे विचारतात, तुमच्याकडं शिलाई मशीन घेतली का."

या चारशे अकरांचा कणा होता 'ठोंबरे गुणांक'.

हा गुणांक काय, ते थोडक्यात सांगितलं पाहिजे. एकोणीसशे पंच्याऐंशीपासून दहा वर्षं सरांनी सोयगावकडच्या बारा गावांत ज्वारीच्या कापणीचे प्रयोग केले. दर गावात दरसाल एक शेत, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला एक गट नंबर, निवडायचं, तेही चिठ्ठी काढल्यासारखं, कुणाच्या मर्जीनं नाही. मग त्या शेताच्या कोपऱ्यापासून चिठ्ठीतच आलेली पावलं चालायची, थांबलो तिथं दहा बाय पाच मीटरचा तुकडा दोरीनं आखायचा, तेवढीच ज्वारी कापायची, मळायची, तोलायची. त्यावरून गावाचा उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पन्न, सांगायचा. काम गावोगावच्या शाळामास्तरांनी करायचं आणि फॉर्म भरून विद्यापीठाला पाठवायचे.

दहा वर्षांनी सरांनी आकडे मांडले तेव्हा अद्भुत गोष्ट निघाली. त्या बारा गावांत ज्वारीचा उतारा हलतच नव्हता. पाऊस झाला तर जेवढी ज्वारी, तेवढीच पाऊस दगा देऊन गेला तरी. सत्त्याऐंशीच्या कोरड्या वर्षात सगळा जिल्हा करपला होता, पण सरांच्या तुकड्यांतली कणसं भरलेली. शास्त्रज्ञ चकित झाले. शेतकऱ्यांना कुणी विचारलं नाही. उतारा इतका ठाम असेल तर ढीगभर शेतं कापायची गरजच काय, एकदोन पुरेत, असं सांगणारं एक सूत्र सरांनी मांडलं. तोच ठोंबरे गुणांक. त्यावर पीएच.डी., त्यावर चार निबंध, त्यावर एक प्रकल्प. आणि आता पीकविम्याची भरपाई कशी ठरवायची यासाठी नेमलेल्या एका समितीनं सुचवलं होतं, की जिथं सोळा शेतं कापतात तिथं ठोंबरे गुणांक लावून दोनच कापावीत. त्या समितीतलेच एक तज्ज्ञ गुरुवारी मुलाखतीला बाहेरून येणार होते. सगळं कसं जुळून आलं होतं. सरांना काळजी वाटत होती ती त्यामुळंच.

शुक्रवारी दुपारी ताहेरा आली.

ताहेरा छावणीतली. वडील नाहीत, आई सगीरा घरी शिवणकाम करते. पोरगी सरांच्या हाताखाली तीन वर्षं पीएच.डी. करत होती, विषय अर्थातच ठोंबरे गुणांकाचा विस्तार. चारशे अकरावर आणखी एखादा निबंध असलेला बरा म्हणून सरांनी तिला जुने फॉर्म कपाटातून काढून जसेच्या तसे संगणकात भरायला बसवलं होतं.

"सर, एक विचारू?"

"विचार. पण गुरुवारनंतर विचारलं तर बरं."

"यादृच्छिक म्हणजे काय, सर?"

सरांनी चष्मा काढला. हा प्रश्न पदवीच्या पहिल्या आठवड्यातला. तरी त्यांनी शांतपणे सांगितलं, "कुठलाही आकडा येण्याची शक्यता सारखी. कुणाच्या मनावर नाही, कुणाच्या सोयीवर नाही."

"मग बारा गावं, दहा वर्षं, एकशे वीस फॉर्म. एकशे वीस वेळा गट नंबर सदतीसच कसा आला?"

सरांचा पाय हलायचा थांबला.

"सगळ्यांवर?"

"एकशे एकोणीसांवर. एकावर शाई सांडलीय. आणि सर, पावलंही. लांबीत बारा, रुंदीत नऊ. सगळ्या गावांत. सगळ्या वर्षी."

असं आपसूक घडण्याची शक्यता किती, हा हिशेब सरांच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि आपोआपच बंद पडला. तेवढी शून्यं मांडायला विभागातले सगळे फळे पुरले नसते. एखाद्याला वाटेल, हे सत्तावीस वर्षं कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही? त्याचं कारण शास्त्रशुद्ध होतं. गट नंबराचा रकाना यादृच्छिक. यादृच्छिक आकड्यात माहिती नसते. ज्यात माहिती नाही ते कशाला बघायचं? म्हणून सरांनी त्या काळी फक्त वजनाचा रकाना उतरवून घेतला होता. बाकीचा फॉर्म बांधून कपाटात.

"कुणाला सांगितलं नाहीस ना?"

"अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, बारा गावचे मास्तर एका आकड्यावर राजी झाले, तर सरांची मोठीच वट असणार."

ती गेल्यावर सर खुर्चीत बसले, उठले, परत बसले. मग निघाले आणि विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यानं लेण्यांच्या डोंगराकडं चालायला लागले. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की आपण पावलं मोजतोय. बारा झाली की ते डावीकडं वळत होते.

*

शनिवार त्यांनी कसाबसा काढला. रविवारी सकाळी मनकर्णाबाईंना "मुलाखतीची तयारी" म्हणून सांगितलं आणि सोयगावची एस.टी. धरली. सिल्लोडला चहा घेतला, तो अर्धा टाकला. अजिंठ्याच्या घाटात शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "पाव्हणं, पाय दुखतोय का? लई हालतोय."

त्या बारा मास्तरांमधले आप्पासाहेब गुरुजी तेवढे गावातच राहत होते. सगळे फॉर्म गोळा करून विद्यापीठाला पाठवायचं कामही त्यांचंच. आता वय ऐंशीच्या आसपास, पण टोपी तशीच कडक. सरांना बघून ते एकदम उभेच राहिले.

"ठोंबरे साहेब! या या. अहो, किती वर्षांनी! प्राध्यापक झाला असाल आता."

"गुरुवारी," सर म्हणाले. "गुरुजी, एक विचारायचं होतं. कापणीचं शेत तुम्ही कसं निवडायचात?"

"कसं म्हणजे? तुम्ही सांगितलं तसंच."

"मी तुम्हाला आकड्यांचं कोष्टक दिलं होतं. त्यात बघून."

"दिलं होतं की. अजून आहे. कव्हर घालून ठेवलंय." गुरुजी आत गेले आणि कोष्टकाबरोबर एक वहीही घेऊन आले. तपकिरी कागदाचं कव्हर, वर ठसठशीत अक्षरात तारीख. पंच्याऐंशीचा सप्टेंबर. "हे बघा. प्रशिक्षण वर्ग, दिवस पहिला. तुम्ही फळ्यावर लिहिलं ते शब्दाला शब्द उतरवलंय."

सरांनी वाचलं. *समजा, गट नंबर आला सदतीस. मग शेताच्या कोपऱ्यावर उभे राहून लांबीत बारा पावले, रुंदीत नऊ पावले.*

"गुरुजी," सर अगदी हळू बोलले, "हे उदाहरण होतं."

"व्हय. चांगलं होतं."

"म्हणजे... ते समजा होतं. दर वेळी वेगळा आकडा काढायचा होता."

गुरुजी जरा दुखावले. "साहेब, आम्ही बारा जण त्या रात्री धर्मशाळेत बसून विचार केला. कोष्टकात पानंच्या पानं आकडे. त्यातला कुठला घ्यायचा? एकानं एक घेतला, दुसऱ्यानं दुसरा घेतला, तर फॉर्म एकमेकांशी जुळणार नायत. विद्यापीठ म्हणंल, मास्तर लोकांनी मनमानी केली. त्यापेक्षा साहेबांनी तोंडानं सांगितलेला आकडा आहे ना? आम्ही शिस्तीची माणसं. दहा वर्षांत एकानं नंबर इकडचा तिकडं केला नाय."

संख्याशास्त्रात चुकांचे पुष्कळ प्रकार आहेत आणि सर ते दरवर्षी शिकवत. आज्ञाधारकपणा त्यांत कुठं नव्हता.

"बरं, पण उतारा इतका सारखा कसा आला?" त्यांनी विचारलं. "सत्त्याऐंशी सालीसुद्धा?"

"ते दगडाबाईला विचारा. आमच्या गावचा सदतीस तिचाच. चला, शेतातच असंल."

दगडाबाई साठी ओलांडलेली, अंगानं काटक, तोंडानं सणसणीत. गुरुजींनी लांबूनच हाक मारली, "दगडाबाई, वळखलं का? कापणीवाले साहेब!"

तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं, डोईवरचा पदर सारखा केला. "आगं बया! आमचं शेत इद्यापीठात शिकिवत्यात ते ह्येच का सायब?"

"कोण म्हणालं शिकवतात म्हणून?"

"गुरुजी म्हनले. सारा गाव म्हनतो. इतकी शेतं सोडून दरसाल आमच्याच दारी येत्यात, म्हंजी कायतरी असंलच की आमच्या मातीत." तिनं बोटानं दाखवलं. "त्यो बगा तुकडा. कोपऱ्यापून बारा पावलं अन् मंग नऊ. गुरुजींच्या मागं चालून मी बी मोजून ठिवलंय. पैलं शेनखत तितं पडायचं, मंग बाकीच्या रानाला. गोठ्यातलं निव्वळ खत, काडी-कचरा नाय त्यात."

"दरवर्षी?"

"मंग? सायब कापून नेनार, इद्यापीठात मोठी मोठी मानसं बगनार. हाडकुळी कनसं धाडायची का? त्या कोरड्या सालात तर मी अन् माजी सासू, दोगी बी हंड्यानं पानी वाहत हुतो. पाक त्या खालच्या वड्यापून. मालक म्हनला, येडी झाली का. म्हनलं, गप ऱ्हा, गावाच्या आब्रूचं हाय."

गुरुजींनी मान डोलावली. "बाकीच्या अकरा गावांत बी असंच, साहेब. मी मास्तरांना कळवलं होतं, दगडाबाईचा आदर्श घ्या म्हणून."

सर त्या तुकड्याकडं बघत राहिले. चार निबंध, एक प्रकल्प, एक पीएच.डी., आणि आता दुसऱ्या पीएच.डी.ची तीन वर्षं, सगळं त्या पन्नास चौरस मीटरांत उभं होतं.

"सायब," दगडाबाईचा आवाज एकदम उतरला, "मदीच यायचं बंद का क्येलं? काय चुकलं का आमचं?"

"नाही," सर म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही."

*

सोमवारी त्यांनी विभागात जाऊन बेरीज केली. गुणांकाचे निबंध आणि प्रकल्प वजा केले की तीनशे छप्पन्न. चव्वेचाळीस कमी. परत केली. परत चव्वेचाळीसच कमी.

मंगळवारी ते छावणीत ताहेराच्या घरी गेले. निघताना त्यांनी मनाशी वाक्य तयार केलं होतं: गुरुवारपर्यंत हे दोघांतच राहू दे. वाक्य सोपं होतं. रिक्षात त्यांनी ते चारपाचदा म्हणूनही बघितलं.

सगीराबींनी मशीनवरचा कपडा बाजूला सारला आणि चहा ठेवला. "सर, हिला जरा समझाव. चार दिवस झाले, धड खात नाही. म्हणते, माझ्या प्रबंधाचा चौथा भाग पण सदतीसच आहे. मेरेकू क्या समजता? मी म्हटलं, चौथा असू दे, पाचवा लिही."

ताहेरा दारात उभी होती. "सर, विम्याचं खरं आहे का? दोनच शेतं कापणार?"

"तसा प्रस्ताव आहे."

"म्हणजे अख्खा तालुका करपला, आणि ती दोन शेतं कुणीतरी हंड्यानं पाणी घातलेली निघाली, तर?"

दगडाबाईची हकिकत सरांनी तिला अजून सांगितलीच नव्हती. पोरीनं ती नुसत्या आकड्यांवरून ताडली होती. ती आपल्यापेक्षा हुशार आहे, हे सरांना माहीत होतं. पण हे असं चहा पिताना कळायला नको होतं.

तयार केलेलं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं. "फॉर्मचा गठ्ठा," ते म्हणाले, "उद्या मला बांधून दे."

"कपाटात ठेवायला?"

"गुरुवारी न्यायला."

बुधवारी मनकर्णाबाईंनी सफारीला इस्त्री केली आणि विचारलं, "पेढे कधी सांगू? आधीच सांगितलं तर ताजे मिळतात."

"मुलाखत झाल्यावर बघू."

"अहो, तज्ज्ञ तुमचेच, गुणांक तुमचा, गुण पुरते. आता काय राहिलंय?"

"काही नाही," सर म्हणाले आणि गच्चीवर फेऱ्या मारायला गेले.

*

गुरुवारी मुलाखत अकराची होती, म्हणजे एकला सुरू झाली. समितीत अध्यक्ष, सचिव आणि बाहेरून आलेले तज्ज्ञ. इतरही दोघं होते, ते समोरचे काजू संपवत होते. दाराशी फकिरा शिपाई.

तज्ज्ञ प्रसन्न होते. ठोंबरे गुणांकावर त्यांनी स्वतःचेही तीन निबंध लिहिले होते. "ठोंबरे, तुम्हाला काय विचारायचं! अध्यक्षांना जरा सोप्या भाषेत सांगा, हा गुणांक म्हणजे नेमकं काय आहे."

"शेणखत," सर म्हणाले.

समिती मनापासून हसली. ग्रामीण भागातल्या माणसाचा विनोद कसा रांगडा असतो, असं काजूवाल्यांपैकी एकजण म्हणालेसुद्धा.

सर हसले नाहीत. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला, सुतळी सोडली आणि सगळं सांगितलं. फळ्यावरचं उदाहरण, बारा मास्तरांची शिस्त, दगडाबाई, तिची सासू, हंडे. सांगायला सात मिनिटं लागली. सोळा वर्षांच्या सगळ्या व्याख्यानांत मिळून इतकं शांत त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

तज्ज्ञांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी एक फॉर्म उचलला, दुसरा उचलला, ठेवला. "याची प्रत कुठं आहे का?"

"नाही. मूळ कागद एवढेच."

"विद्यापीठांमध्ये वाळवीचा प्रश्न फार गंभीर आहे," तज्ज्ञ अध्यक्षांकडं बघून म्हणाले.

अध्यक्षांचा प्रश्न साधा होता. "म्हणजे यांचे गुण किती होतात?"

सचिवांनी पेन्सिल चालवली. "तीनशे छप्पन्न, साहेब."

"चारशेच्या खाली?"

"खाली. म्हणजे हे मुलाखतीला पात्रच नव्हते. आणि जो पात्र नाही त्याची मुलाखत घेता येत नाही. तेव्हा ही मुलाखत झालेलीच नाही."

"आणि हे आत्ता जे बोलले ते?"

"मुलाखतच नाही, साहेब. मग बोलणार कुठं?"

तज्ज्ञांच्या तोंडावर रंग परतला. "मग गुणांक?"

"मुलाखत झाली नाही, तर गुणांकाबद्दल काही बोललं गेलं नाही. तो जागच्या जागी आहे." सचिवांनी पेन्सिल उलटी फिरवली. वाट काढण्यात त्यांचा हातखंडा होता. "आणि गुणांक जागच्या जागी असेल, साहेब, तर यांचे गुण परत चारशे अकरा होतात. म्हणजे हे पात्र आहेत. आता यांची मुलाखत घेता येईल."

अध्यक्ष खूश झाले. ते आपुलकीनं म्हणाले, "ठोंबरे, तुम्ही असं करा. जरा बाहेर बसा, पाणी प्या. पाच मिनिटांनी नाव पुकारलं की आत या. आपण पहिल्यापासून सुरुवात करू. आम्ही काही ऐकलेलं नाही, तुम्ही काही बोललेले नाही."

"गठ्ठा असू द्या इथंच," तज्ज्ञ म्हणाले.

सर बाहेर येऊन बाकावर बसले. पाच मिनिटं होती. पाय हलत होता, त्याच्याबरोबर बाकही हलत होता. त्यांच्या डोळ्यांपुढं दारावरची पाटी आली, 'सहयोगी' नसलेली. ती छान दिसत होती. मग मनकर्णाबाई दिसल्या, पेढ्यांसह. आत जायचं, गुणांक म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगायचं, बाहेर यायचं. शेणखत तेवढं वगळायचं.

आणि मग कुठल्यातरी तालुक्यात समितीचा माणूस येईल, दोन शेतं कापील. दगडाबाईसारखी कुणीतरी तिथं असणारच. सगळं गाव करपलेलं असेल आणि कागदावर कणसं भरलेली असतील, तिच्या अब्रूमुळं आणि ठोंबऱ्यांच्या फळ्यामुळं.

"ठोंबरे बद्रीनाथ!" फकिरानं पुकारलं. सर समोरच बसले होते, पण रीत म्हणून त्यानं तीनदा पुकारलं. "सर, आत बोलावत्यात."

आपला पाय थांबलाय, हे सरांना तेव्हा जाणवलं.

"फकिरा, उमेदवार गैरहजर आहे म्हणून सांग."

फकिरानं त्यांच्याकडं नीट बघितलं, आत जाऊन तसं सांगितलं आणि काखेत गठ्ठा घेऊन बाहेर आला. "सर, ते पाव्हणे म्हनत व्हते हे रद्दीत टाक. पन वर तुमची सही दिसली. रद्दीवर कोन सही करतंय? म्हनलं, तुमालाच इचारावं."

सरांनी गठ्ठा घेतला. तो चांगलाच जड होता.

*

पेढे आले नाहीत. मनकर्णाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "पाय हलवत नाही तुम्ही हल्ली. आजारी आहात का?"

सरांनी आणि ताहेरानं मिळून निबंध लिहिला: ठोंबरे गुणांक चुकीचा का आहे. नाव तिचं आधी. ज्या नियतकालिकानं गुणांक अठरा पानं छापला होता, त्यानं हा सव्वा पानात छापला, शेवटी, वर्गणीदारांच्या पत्त्यांच्या अलीकडं. त्याचे गुण विचारायला सर कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनानं तक्ता वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. स्वतःची चूक सांगण्याचा रकाना त्यात नव्हता. पण छापलेलं ते छापलेलं. पीकविम्याच्या समितीनं दोन शेतांचा विचार सोडून दिला. कारण दिलं 'तांत्रिक'. ताहेराला प्रबंध पहिल्यापासून लिहायला लागला. सगीराबींनी तिला पाचवा भाग लिहायला सांगितलं होतं, तो आता पहिला झाला.

त्याच पावसाळ्यात सर परत सोयगावकडं गेले, ताहेराला घेऊन. त्याच बारा गावांत नव्यानं कापणी करायची होती. मास्तर नवे होते. प्रशिक्षण वर्गात सर खडू घेऊन फळ्यापुढं उभे राहिले, "समजा..." म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, *समजा, गट नंबर आला क्ष.*

मागच्या बाकावरून एका तरुण मास्तरानं हात वर केला. "सर, आमच्या गावात क्ष नंबरचा गट नाय. तलाठ्याकडून नवा पाडून घ्यावा लागंल."

त्यानंतर सरांनी फळा वापरलाच नाही. प्रत्येक गावात जाऊन, शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर, डब्यातून चिठ्ठी काढायची असं ठरलं.

आप्पासाहेबांच्या गावात चिठ्ठी काढली ताहेरानं. एकशे चौदा. गुरुजींनी निःश्वास टाकला आणि नवा नंबर वहीत लिहिला. गर्दीतून दगडाबाई पुढं आली.

"औंदा आमचा नंबर का नाय?"

"चिठ्ठीत निघाला नाही, बाई. हे नशिबावर असतं," सर म्हणाले.

"धा वर्सं बरा निघत हुता!"

कापणीच्या दिवशी एकशे चौदा नंबरची ज्वारी कापून झाली. बेताचीच होती, गावासारखी. सर निघाले, तर दगडाबाई बांधावर उभीच.

"निदान बगून तरी जा, सायब. कापू नका. नुसतं बगा."

ते गेले. सगळं रान गुडघ्याच्या थोडं वर, पिवळट. आणि मधोमध, कोपऱ्यापासून बारा पावलं आणि नऊ पावलं, दहा बाय पाच मीटरचा एक काळाभोर हिरवा चौकोन, पुरुषभर उंचीचा. कणसं हाताच्या पंजाएवढी. कडा इतक्या सरळ, की दोरी लावून आखल्यासारख्या.

"तुमी येनार कळलं, म्हनून क्येलं," दगडाबाई म्हणाली.

ताहेरानं सरांकडं बघितलं. मग दप्तरातून फॉर्म काढला. "सर, हे नोंदवायचं का?"

सरांनी कणीस हातात धरून बघितलं. सोडलं.

"नोंदव," ते म्हणाले. "पण वेगळा रकाना आख."